वहिवाट कोणाची?

पुराणमतवाद म्हणजे शेंडी आणि सोवळं, असं आपण धरून चालतो आणि तिथंच फसतो. शेंडी गेली तरी विचार शाबूत आहे. म्हणून मित्रांनो, तो विचार वाचला पाहिजे. बाबासाहेबांनी विरोधकांची पुस्तकं जेवढी वाचली तेवढी आपण आपलीही वाचत नाही.

मी केनवडचा, तालुका रिसोड. दालमिलमध्ये पोती उचलतो, रात्री वाचतो. कॉलेज पाहिलं नाही. मला समजलं ते मांडतो.

एडमंड बर्क हा मूळचा आयर्लंडचा, इंग्लंडच्या पार्लमेंटातला. 1790 साली त्यानं फ्रेंच राज्यक्रांतीविरुद्ध पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं : माणूस अपुरा आहे, विकारांनी वाहवत जातो. एकट्याची अक्कल तोकडी, पिढ्यांचं शहाणपण रूढीत साठलेलं असतं. समाज ही मेलेल्यांची, जिवंतांची आणि जन्माला येणारांची भागीदारी आहे. राज्यानं तिच्यात जपून हात घालावा. हे बोलणं थेट मूर्खपणाचं नाही. हाच बर्क कंपनी सरकारच्या जुलमाबद्दल वॉरन हेस्टिंग्जवर महाभियोग चालवायला उभा राहिला होता.

आपल्याकडं हा वाद 1891 साली पेटला. संमतिवयाच्या कायद्यानं मुलीचं वय 10 वरून 12 करायचं होतं. टिळकांनी 'केसरी'तून विरोध केला. पण मुलीचं लग्न 16 वर्षांआधी करू नये, ही सूचना 1890 मध्ये त्यांनीच मांडली होती. मात्र ती ज्यानं त्यानं आपखुशीनं पाळायची. परक्या सरकारनं धर्मात पडू नये, हा त्यांचा मुद्दा. आता आपखुशी कोणाची? 10 वर्षांच्या पोरीला कोणी विचारलं?

आता महाडला या. बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलात 1923 साली पास झाला : सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. महाड नगरपालिकेनं 1924 मध्ये चवदार तळं खुलं केलं, पण कागदावरच. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आणि आपली माणसं तळ्यावर गेली, पाणी प्याली. सनातन्यांनी पाण्यात शेण-गोमूत्र ओतून तळं 'शुद्ध' केलं. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा हीच मंडळी कोर्टात पळाली आणि मनाई हुकूम घेऊन आली. सरकारनं मधे पडू नये म्हणणारे सरकारच्या दारात उभे! बाबासाहेबांनी तो हुकूम मोडला नाही, पण 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळली.

दाव्यात त्यांचं म्हणणं काय? अनादी काळापासूनची वहिवाट. बर्कची भाषा, महाडच्या तळ्यावर. मुसलमान त्या तळ्यावर पाणी भरत, त्याला हरकत नव्हती. 10 वर्षं दावा चालला. 17 मार्च 1937 ला मुंबई हायकोर्टानं निकाल दिला : अशी अनादी वहिवाट शाबीत झालेली नाही. जिला ते सनातन म्हणत होते, तिचा पुरावा कोर्टात उभा राहिला नाही.

तरी बाबासाहेबांनी बर्क फेकून दिला नाही, हे ध्यानात घ्या. 1936 च्या 'जातिभेद निर्मूलना'त ते बर्कचा आधार घेतात : समाजाला धर्माचा पाया लागतो. पण लगेच विचारतात, कोणता धर्म? नियमांचा की तत्त्वांचा? 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला त्याचं उत्तर मिळालं.

माणूस घसरतो, हे बाबासाहेबही जाणून होते. म्हणून तर 25 नोव्हेंबर 1949 ला त्यांनी राजकारणातल्या भक्तीविरुद्ध बजावलं. फरक एवढाच, सनातन्यांनी माणसाच्या दुबळेपणाचं नाव घेऊन खालच्याला बांधलं. बाबासाहेबांनी सत्तेवाल्याला बांधायला घटना लिहिली. कलम 17 माणसाच्या चांगुलपणावर विसंबत नाही, अस्पृश्यता पाळणं गुन्हा ठरवतं.

आणि ती भागीदारी? आमचे मेलेले त्यात होतेच. मेलेली ढोरं ओढायला, गावकीची कामं करायला. फक्त नफ्याच्या वाटणीत त्यांचं नाव नव्हतं.

आमच्या वऱ्हाडात म्हणतात, 'पयलेपासून असंच हाय बाप्पा.' कोणी असं म्हटलं की शिव्या देऊ नका. तीन प्रश्न विचारा : पयले म्हणजे कोणत्या सालापासून? तेव्हा कोणाला विचारलं होतं? यात कोणाचं भलं झालं? आणि उत्तर लिहून घ्या. महाडचा दावा कागदावरच जिंकला गेला.