औद्योगिक नेटवर्क नियंत्रकांतील ज्ञात दोष आणि पर्यायी उपाय : ब्राउन्स फेरी येथील घटनेचा ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक :

तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना शोध, संशोधक आणि शोधाचे वर्ष यांवर भर दिला जातो. यंत्र वापरात आल्यानंतर त्यात आढळलेले दोष आणि ते दोष असतानाही काम चालू राहावे म्हणून योजलेले उपाय यांची नोंद मात्र बहुधा देखभाल विभागाच्या कागदपत्रांतच राहते. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्रात १९ ऑगस्ट २००६ रोजी घडलेल्या घटनेच्या आधारे या दुर्लक्षित बाजूचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

१९६० च्या दशकाच्या अखेरीस रिलेंनी भरलेल्या नियंत्रण पेट्यांची जागा घेणारा प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर अमेरिकेत तयार झाला. डिक मॉर्ली यांचे नाव या शोधाशी जोडले जाते. अशा नियंत्रकांमधील संभाषणासाठी मोडिकॉन कंपनीने १९७९ मध्ये ‘मॉडबस’ ही पद्धत प्रसिद्ध केली. तीत एक मुख्य उपकरण विचारणार आणि दुसरे उत्तर देणार, अशी शिस्त होती. त्यामुळे लहान क्षमतेच्या नियंत्रकावर अनपेक्षित संदेशांचा भार पडण्याचा प्रसंग क्वचितच येई.

इथरनेटचा उगम याहून वेगळा होता. झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात १९७३ मध्ये जन्मलेले हे जाळे कार्यालयातील संगणकांसाठी होते. तेथे कोणतेही उपकरण केव्हाही संदेश पाठवू शकते आणि सर्वांना उद्देशून पाठविलेला ब्रॉडकास्ट संदेश त्या जाळ्यातील प्रत्येक उपकरणाला तपासावा लागतो. स्वस्त आणि सुलभ म्हणून हे जाळे पुढे कारखान्यांत आले. १९९९ मध्ये मॉडबसचीही इथरनेटवर चालणारी आवृत्ती पुढे आली.

घटना आणि दोषाचे स्वरूप :

ब्राउन्स फेरी येथील तिन्ही अणुभट्ट्या उकळत्या पाण्याच्या प्रकारच्या आहेत. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्याही याच प्रकारच्या होत. अशा भट्टीत गाभ्यातून पाणी खेळविणाऱ्या पंपांच्या वेगावर वीजनिर्मितीचे प्रमाण नियंत्रित करता येते. तिसऱ्या भट्टीतील असे दोन्ही पंप त्या दिवशी एकाच वेळी बंद पडले. शक्ती जास्त आणि पाण्याचा प्रवाह कमी, अशी धोक्याची स्थिती निर्माण झाल्याने चालकांनी भट्टी हाताने बंद केली.

चौकशीत असे दिसून आले की, पंपांचा वेग नियंत्रित करणारे नियंत्रक जाळ्यावरील अतिरिक्त वाहतुकीमुळे प्रतिसादहीन झाले होते. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचा नियंत्रकही त्याच वेळी बंद पडला होता. त्याच्या बिघाडामुळे पंपांचे नियंत्रक थांबले, की अन्य ठिकाणाहून आलेल्या वाहतुकीमुळे हे सर्वच नियंत्रक थांबले, हे निर्णायकपणे सिद्ध होऊ शकले नाही. येथे कोणी हल्लेखोर असल्याचे आढळले नाही. आलेला प्रत्येक संदेश तपासण्यात लहान प्रक्रियकाची शक्ती खर्ची पडली की मूळ नियंत्रणाचे काम खोळंबते, हा या दोषाचा गाभा होय.

उपाय आणि त्याची मर्यादा :

यानंतर केंद्राने या नियंत्रकांपर्यंत पोहोचणारी वाहतूक मर्यादित करणारे फायरवॉल बसविले. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने एप्रिल २००७ मध्ये माहितीपत्रक काढून इतर केंद्रांना सावध केले. जाळ्याचे लहान विभाग पाडणे, ब्रॉडकास्ट संदेशांवर मर्यादा घालणे, नको असलेल्या सेवा बंद ठेवणे, हे या वर्गातील अन्य प्रचलित उपाय होत. या सर्वांत एक समान सूत्र दिसते. दोष नियंत्रकाच्या आत राहतो आणि कुंपण त्याच्या बाहेर घातले जाते. चालू कारखाना सहजासहजी थांबविता येत नाही, त्यामुळे हा मार्ग व्यवहार्य ठरतो. मात्र कुंपण कशासाठी घातले याची नोंद हरवल्यास, पुढील काळात एखादा तंत्रज्ञ सोयीसाठी ते काढून टाकेल, ही शक्यता कायम राहते.

याच केंद्राच्या पूर्वेतिहासात या मुद्द्याला पुष्टी मिळते. २२ मार्च १९७५ रोजी येथे केबलच्या मार्गातील हवेची गळती शोधण्यासाठी मेणबत्तीची ज्योत वापरण्यात आली. ज्योतीने गळतीच्या जागी भरलेल्या फोमने पेट घेतला आणि सुमारे १,६०० केबल निकामी झाल्या. मेणबत्तीने तपासणी करणे ही तेथील रूढ पद्धत होती. अशाच तपासणीत दोनच दिवसांपूर्वी लहान आग लागली होती व ती विझविण्यात आली होती. धोका अनुभवास आला होता. परंतु तो अनुभव कार्यपद्धतीत उतरला नाही. या आगीनंतर १९८० मध्ये अणुवीज केंद्रांसाठी अग्निसुरक्षेचे कठोर नियम करण्यात आले.

समारोप :

१९७५ व २००६ या दोन्ही घटनांत संकट मुख्य सुरक्षा यंत्रणेतून उद्भवले नाही. एका वेळी भिंतीतील फोम आणि दुसऱ्या वेळी दुय्यम मानलेले नेटवर्क कारणीभूत ठरले. पर्यायी उपाय योजणे हा कमीपणा नाही; पुष्कळ उद्योग अशा उपायांवरच चालतात. तथापि उपायासोबत त्यामागील दोषाची स्मृतीही जतन होणे आवश्यक आहे. म्हणूनच देखभालीच्या नोंदवह्या, निर्मात्यांची दोषपत्रके आणि नियामकांची माहितीपत्रके यांना इतिहासाची साधने म्हणून स्थान मिळाले पाहिजे. अभियांत्रिकी आणि इतिहास या दोन्ही विषयांच्या अध्यापकांनी एकत्र येऊन आपल्या परिसरातील उद्योगांच्या अशा नोंदी जतन केल्यास पुढील पिढीला तोच धडा नव्याने आणि जबर किंमत मोजून शिकावा लागणार नाही.