आरएसव्ही : महासाथीनंतरचा बालसंसर्ग व प्रतिबंध

तान्ह्या मुलांच्या सूक्ष्म श्वासनलिकांना सूज आणणारा व न्यूमोनिया घडवणारा विषाणू. १९५६ मध्ये तो प्रथम चिंपांझींत आढळला. वयाच्या दोन वर्षांपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला त्याची लागण होऊन जाते. मोठ्यांना बहुधा सर्दीवर सोडणारा हा विषाणू सहा महिन्यांच्या आतील, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या जिवावर बेततो.

कोविड-१९च्या निर्बंधकाळात तो जवळपास नाहीसा झाला. पश्चिम ऑस्ट्रेलियात २०२० च्या हिवाळ्यात मुलांमधील त्याचे निदान ९८ टक्क्यांनी घटले. पण वर्ष सरता सरता, तिथल्या उन्हाळ्याच्या तोंडावर, तो उसळून आला. न्यूझीलंडने एप्रिल २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाशी विलगीकरणाविना ये-जा सुरू केली आणि जून-जुलैत तिथल्या रुग्णालयांतले मुलांचे कक्ष भरून गेले. मधल्या काळातल्या मुलांचा विषाणूशी संबंध आला नव्हता, आणि आईकडून मिळणारी प्रतिपिंडेही रोडावली होती. निर्बंधांमुळे मुलांची प्रतिकारशक्ती बिघडली, असा अर्थ काहींनी काढला. तो चुकीचा आहे. लागण फक्त लांबली होती, आणि तेवढ्यात बाळाच्या श्वासनलिका रुंदावतात, हा फायदाच.

निर्बंध उठल्यावरही घरच्या सवयी मोडण्याचे कारण नाही. बाळाला घेण्याआधी साबणाने हात धुवावेत, सर्दी असलेल्याने बारशाला जाणे टाळावे. अशा वेळी बाळाचा पापा घेण्याचा आग्रह तर नकोच. स्तनपान चालू ठेवावे, विडी-सिगारेट व चुलीचा धूर दूर ठेवावा. बाळ दूध ओढेनासे झाले, बरगड्यांखाली खड्डे पडू लागले किंवा ओठ निळसर दिसले, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

लसीची वाट खडतर होती. १९६० च्या दशकातील पहिल्या लसीने आजार उलट वाढला आणि दोन बालके दगावली. संशोधन कित्येक वर्षे मागे पडले. विषाणूच्या पृष्ठभागावरील एफ-प्रथिनाचे पेशीत शिरण्यापूर्वीचे रूप २०१३ मध्ये उलगडले आणि कोंडी फुटली. आज गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत आईला लस, किंवा बाळाला निर्सेव्हिमॅब या प्रतिपिंडाचे एक इंजेक्शन, असे दोन उपाय आहेत. स्पेनच्या गॅलिसिया प्रांताने २०२३ च्या शरदात सर्व नवजातांना ते इंजेक्शन देऊ केले, तेव्हा रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी घटले.

पाच वर्षांखालील सुमारे १ लाख मुले दरवर्षी या विषाणूने मरतात. त्यांतील ९७ टक्क्यांहून अधिक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये दोन्ही उपायांची शिफारस केली. ते सरकारी दवाखान्यात मोफत मिळाले, तरच या देशांतल्या बाळांपर्यंत पोहोचतील.