नाकबूल देण्याची कुळकथा

पैसे थकवणाऱ्या कंपनीला नोटीस द्यायची, मुदत भरेपर्यंत थांबायचे आणि मग थेट कंपनी गुंडाळण्याचा अर्ज करायचा, हा मार्ग इंग्लंडच्या १८६२ च्या कंपनी कायद्याने स्पष्ट आखून दिला. पन्नास पौंडांहून अधिक येणे असलेल्या धनकोने आपल्या सहीची मागणी कंपनीच्या नोंदणीकृत कचेरीत पोचवायची. तीन आठवड्यांत पैसे, तारण किंवा तडजोड यांपैकी काहीच झाले नाही, तर कंपनी देणी फेडायला असमर्थ आहे असे कायदा गृहीत धरी. तिजोरीत खरोखर किती शिल्लक आहे, हे धनकोने सिद्ध करायला नको. त्याच धर्तीवर १८६६ मध्ये हिंदुस्थानचा कायदा आला. पुढे स्वतंत्र भारताच्या १९५६ च्या कायद्यात पाचशे रुपयांची मर्यादा होती. मुदत मात्र तीच, तीन आठवड्यांची.

पण मुळात ते देणेच कबूल नसेल तर? माल निकृष्ट निघाला, काम अर्धवट राहिले, हिशेबच चुकला, तर? कलमात यावर चकार शब्द नव्हता. वाट काढली ती सर जॉर्ज जेसेल या न्यायाधीशांनी, १८७४ मध्ये, लंडन अँड पॅरिस बँकिंग कॉर्पोरेशनच्या प्रकरणात. कायद्याने नुसते पैसे न देणे नव्हे, तर देण्यात हयगय करणे हा आधार धरला आहे, यावर त्यांनी बोट ठेवले. रास्त कारणाने पैसे रोखणे म्हणजे हयगय नव्हे. चालत्या कंपनीला खोट्या किंवा फुगवलेल्या मागणीपासून वाचवणारा बचाव या वाचनातून उभा राहिला. माझ्या मते कंपनी कायद्यातल्या सर्वांत उपकारक निवाड्यांपैकी हा एक आहे.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९६५ मध्ये अमाल्गमेटेड कमर्शियल ट्रेडर्स प्रकरणात बजावले, की प्रामाणिक वाद असलेल्या रकमेच्या वसुलीसाठी कंपनी गुंडाळण्याच्या अर्जाचा धाक वापरता येणार नाही. मधुसूदन गोरधनदास प्रकरणात, १९७१ मध्ये, कसोटी ठरली: बचाव सद्हेतूने घेतलेला हवा, त्यात दम हवा आणि कायद्याच्या दृष्टीने तो टिकण्याजोगा हवा.

२०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने ही सारी मांडणी बदलली. माल किंवा सेवा पुरवणाऱ्या धनकोने मागणी नोटीस दिली, की कंपनीने दहा दिवसांत पैसे द्यायचे किंवा आधीपासूनचा वाद दाखवायचा. याची पहिली मोठी परीक्षा मुंबईतून आली. 'नच बलिये' कार्यक्रमाच्या टेलिव्होटिंगचे काम मोबिलॉक्सने किरुसा कंपनीकडे सोपवले होते. किरुसाने त्या कामाचा उल्लेख आपल्या संकेतस्थळावर केला. गोपनीयतेचा करार मोडला, असे म्हणत मोबिलॉक्सने जानेवारी २०१५ मध्ये ईमेल पाठवून पैसे रोखले. डिसेंबर २०१६ मध्ये मागणी नोटीस आली, मोबिलॉक्सने चार दिवसांत उत्तर दिले आणि मुंबईच्या न्यायाधिकरणाने किरुसाचा अर्ज फेटाळला. अपिलात पारडे फिरले. अखेर २१ सप्टेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती नरिमन यांच्या निकालाने मोबिलॉक्सची बाजू राहिली.

त्या निकालाने मधुसूदनची कसोटी सैल केली. बचाव जिंकेल का, हे पाहायचे नाही. वाद खरा आहे, बनावट किंवा काल्पनिक नाही, एवढेच तपासायचे. न्यायालयात दावा किंवा लवादाची कारवाई सुरू असलीच पाहिजे, ही अटही उरली नाही. मात्र वाद नोटीस मिळण्यापूर्वीचा हवा. म्हणून माल नापसंत असेल, तर ते त्याच आठवड्यात लेखी कळवणारी कंपनी पुढे वाचते. फोनवर कुरकुरून गप्प बसणारी अडचणीत येते.

याला दुसरी बाजू आहे आणि ती मला बोचते. २४ मार्च २०२० रोजी किमान थकबाकीची मर्यादा एक लाखावरून एकदम एक कोटीवर गेली. वीस लाख अडकलेल्या लहान पुरवठादाराला आता या कायद्याखाली अर्जच करता येत नाही. कंपनीपाशी एकही खरा वाद नसला, तरीही.