खामगावचे जिन

आमच्या पिंपळगाव राजाचा कापूस पिढ्यान् पिढ्या खामगावच्या बाजारात गेला. 1861 ते 65 अमेरिकेत यादवी माजली, तिकडची रुई अडली, अन् विलायतेच्या गिरण्यांना वऱ्हाडची कपाशी गोड लागली. 1870 ला जलंबहून खामगावला रेल्वे आली. पुढं जिन-प्रेस वाढले. रेच्यावर सरकी वेगळी व्हायची, रुईच्या गठाणी दाबून रेल्वेत भरायच्या. हंगामभर बायामाणसांना काम.

1972 ला कापसाची एकाधिकार खरेदी आली. माल सरकारचा, जिनवाल्याला नुसती पिंजाई. नंतर तीही योजना गेली. तोवर वावरात सोयाबीन शिरलं होतं. ते शंभर दिवसांत घरात येतं, त्याला ना रेचा लागतो ना प्रेस. कितीक जुने जिन बंद पडले. शेतकऱ्याला दुसरं पीक तरी भेटलं. ज्याला वावरच नाही, त्याची हिवाळ्यातली मजुरी गेली ती गेलीच.