मोटारीची रंगदुरुस्ती

मोटारीची रंगदुरुस्ती म्हणजे रंगावरील ओरखडे पॉलिशने घासून काढण्याची प्रक्रिया होय. ती डिटेलिंगचा एक भाग आहे.

कारणे

मोटारीच्या रंगावर क्लिअर कोट हा साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा पारदर्शक थर असतो. धूळ बसलेली मोटार कोरड्या फडक्याने पुसल्यास त्यावर ओरखडे उमटतात. ओरखड्यांवरून विखुरलेला प्रकाश काळ्या रंगावर अधिक ठळक दिसतो. चाकण (पुणे जिल्हा) येथे कारखाना असलेल्या मर्सिडीज-बेंझ कंपनीने २००३ मध्ये सूक्ष्म सिरॅमिक कणांचा, अधिक ओरखडेरोधक क्लिअर कोट वापरात आणला.

प्रक्रिया

मोटार धुऊन, चिकटलेले कण क्ले बारने काढतात व रंगाची जाडी मापकाने मोजतात. नंतर पॉलिशिंग यंत्राने कंपाउंड फिरवून पृष्ठभाग समतल करतात. बारीक पॉलिशने धूसरपणा घालवल्यावर मेण किंवा सिरॅमिक लेप देतात.

मर्यादा

या प्रक्रियेत ओरखडा भरला जात नाही. त्याच्या भोवतालचा क्लिअर कोट झिजवला जातो. त्यामुळे ती वारंवार करता येत नाही. हा थर फार पातळ झाल्यास अतिनील किरणांपासून रंगाचे रक्षण होत नाही. नखाला अडणारा ओरखडा बहुधा पूर्णपणे निघत नाही. तो प्राइमरपर्यंत पोहोचला असल्यास तो भाग पुन्हा रंगवावा लागतो.