धावण्याच्या बुटांचे तंत्रज्ञान : सातारा व सांगली परिसर

धावण्याचे बूट म्हणजे पाऊल जमिनीवर आदळताना बसणारा धक्का सौम्य करण्यासाठी, पकड राखण्यासाठी आणि खर्च होणाऱ्या ऊर्जेचा काही भाग धावपटूला परत मिळवून देण्यासाठी घडवलेली पादत्राणे होत. रबर, फेस, विणलेले कापड व कार्बन तंतू यांच्या तंत्रज्ञानात जसजसा बदल झाला, तसतशी या बुटांची रचना बदलत गेली. सातारा आणि सांगली हे दक्षिण महाराष्ट्रातील शेजारी जिल्हे आहेत. सह्याद्रीचे ओले घाट, कृष्णाकाठची सपाट काळी जमीन आणि माण, आटपाडी, जत यांसारखे अवर्षणप्रवण तालुके असे परस्परविरोधी भूभाग येथे एकमेकांना लागून असल्याने बुटाच्या रचनेतील फरक या परिसरात प्रत्यक्ष जाणवतो.

अनवाणी धावण्याचा काळ

भारतीय धावपटूंचा ऑलिंपिकमधील संघटित सहभाग पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावरून सुरू झाला. जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनी तेथील शर्यतींत शेतकरी कुटुंबांतील तरुणांना अनवाणी धावताना पाहिले. त्या तरुणांच्या वेळा युरोपातील वेळांच्या तुलनेत कमी प्रतीच्या नव्हत्या, असे त्यांनी पुढे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना कळवले. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी पाठवलेल्या संघात बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि साताऱ्याचे सदाशिव दातार हे दोघे लांब पल्ल्याचे धावपटू होते. त्या वर्षीची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची होती आणि चौगुले तीत एकोणिसावे आले.

बुटांशिवाय धावणे ही त्या काळी उणीव मानली जात असे. तसे मानणे सर्वस्वी बरोबर नव्हते. इथिओपियाच्या अबेबे बिकिला यांनी १९६० ची रोम ऑलिंपिक मॅरेथॉन अनवाणी जिंकली. चार वर्षांनी टोकियोत त्यांनी तीच शर्यत बूट घालून जिंकली. हार्वर्ड विद्यापीठाचे डॅनियल लिबरमन व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, अनवाणी धावण्याची सवय असलेले धावपटू बहुधा टाचेऐवजी पावलाच्या पुढच्या भागावर उतरतात, त्यामुळे पाऊल टेकताना बसणारा पहिला झटका कमी असतो. बुटाची जाड टाच हा झटका झाकते. म्हणूनच टाचेवर आदळत धावण्याची सवय बुटांनी रुजवली, असे मत मांडले जाते.

या परिसरात पादत्राणे घडवण्याची परंपरा मात्र जुनी आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात कोल्हापूर व सोलापूरसोबत सांगली आणि सातारा हे जिल्हेही येतात. बाभळीची साल व हिरडा वापरून कमावलेले चामडे आणि थरावर थर शिवलेला ताठ तळ ही या चपलेची ओळख होय. हा तळ वर्षानुवर्षे टिकतो, पण दाबला जाऊन उसळत नाही. धावण्याच्या बुटाची सगळी वाटचाल नेमक्या या उसळीच्या शोधात झाली आहे.

तळाची रचना

बुटाचे ढोबळमानाने तीन भाग असतात : पाऊल धरून ठेवणारा अपर, मधला फेसाचा थर म्हणजे मिडसोल आणि जमिनीला टेकणारा आउटसोल. अमेरिकन प्रशिक्षक बिल बॉवरमन यांनी १९७१ मध्ये घरातील वॉफल भाजण्याच्या साच्यात रबर ओतून आउटसोलची खाचदार नक्षी तयार केली, ही कथा प्रसिद्ध आहे. मिडसोलमध्ये खरा बदल १९७० च्या दशकाच्या मध्यास ईव्हीए या हलक्या फेसामुळे झाला. त्यानंतर हवेच्या पिशव्या व जेलचे तुकडे आले, आणि २०१३ मध्ये फुगवलेल्या टीपीयू मण्यांचा तळ आला.

ईव्हीए स्वस्त आहे, पण त्याच्या दोन मर्यादा आहेत. तापमान वाढले की तो मऊ होतो व थंडीत कडक होतो, त्यामुळे सांगलीच्या एप्रिलमधील दुपारी आणि महाबळेश्वरच्या पहाटे तोच बूट वेगळा वाटू शकतो. शिवाय वारंवार दाबला गेल्याने त्याच्या सूक्ष्म पोकळ्या बसत जातात. बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर बदलावा असे म्हटले जाते ते यामुळेच. वरून नवा दिसणारा बूटही आतून संपलेला असू शकतो.

२०१७ मध्ये नायकी कंपनीने पीबा या बहुलकाचा जाड फेस आणि त्यात बसवलेली वक्र कार्बन पट्टी असा बूट बाजारात आणला. त्याच्या नमुन्याची १८ धावपटूंवर चाचणी झाली तेव्हा दाबताना साठलेल्या ऊर्जेपैकी सुमारे ८७ टक्के ऊर्जा या तळाने परत केली. तुलनेसाठी घेतलेल्या ईव्हीएच्या शर्यती बुटात हे प्रमाण सुमारे ६६ टक्के होते. धावण्यास लागणारी ऊर्जा सरासरी ४ टक्के घटली. वजनाचाही वाटा आहेच : प्रत्येक बुटाचे वजन १०० ग्रॅमने वाढले, तर ऊर्जेचा खर्च साधारण १ टक्क्याने वाढतो.

घाटातील कसोटी

२०१२ पासून साताऱ्यात होणारी सातारा हिल हाफ मॅरेथॉन ही शहरातून यवतेश्वरच्या घाटाने कासच्या दिशेने चढून परत येणारी शर्यत आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात ती होत असल्याने रस्ता बहुधा ओला असतो. येथे जाड तळाच्या बुटांचा लाभ सपाट रस्त्याइतका मिळत नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कार्बन पट्टीच्या बुटांनी सपाटीवर सुमारे ३.८ टक्के, तर तीन अंशांच्या चढावर सुमारे २.८ व तेवढ्याच उतारावर सुमारे २.७ टक्के ऊर्जा वाचली. उतारावर पाऊल पुढे सरकून नखे बुटाच्या टोकाला आदळतात, म्हणून अपरची मधल्या भागावरील पकड व टोकाशी मोकळी जागा या बाबी फेसाहून महत्त्वाच्या ठरतात. कासच्या जांभ्या दगडावर किंवा शेवाळलेल्या पायवाटेवर गुळगुळीत तळ घसरतो. तेथे खोल दाते असलेला ट्रेल बूटच लागतो. तोच बूट डांबरी रस्त्यावर जड आणि लवकर झिजणारा ठरतो.

स्टीपलचेस आणि ललिता बाबर

सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर यांनी मॅरेथॉनकडून ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळून २०१४ च्या इंचॉन आशियाई खेळांत कांस्यपदक आणि २०१५ च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये प्राथमिक फेरीत ९ मिनिटे १९.७६ सेकंद असा राष्ट्रीय विक्रम करून त्या अंतिम फेरीत पोहोचल्या व दहाव्या आल्या. पी. टी. उषा यांच्यानंतर ३२ वर्षांनी भारतीय महिला ऑलिंपिकमध्ये धावपट्टीवरील अंतिम फेरीत धावली.

या शर्यतीत २८ अडथळे व ७ पाणउड्या असतात. पहिल्या पाणउडीनंतर बूट भिजतो आणि पुढचे सारे अंतर तो भिजलेलाच राहतो. त्यामुळे स्टीपलचेसच्या बुटात पाणी धरून न ठेवणारा विरळ जाळीचा अपर, पाणी झटकन बाहेर टाकणारी रचना आणि अडथळ्यावर पाय देताना न घसरणारे छोटे खिळे लागतात. बूट पायावर टिकणे हीदेखील अट आहे : रिओतील प्राथमिक फेरीत इथिओपियाच्या एतेनेश दिरो यांनी धक्काबुक्कीत निसटू लागलेला बूट फेकून देऊन एका पायाने अनवाणी शर्यत पूर्ण केली.

नियम आणि किंमत

केनियाच्या एलिउद किपचोगे यांनी ऑक्टोबर २०१९ मध्ये व्हिएन्नात खास आखलेल्या धावेत मॅरेथॉनचे अंतर दोन तासांच्या आत पार केल्यानंतर बुटांविषयीचा वाद तीव्र झाला. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने २०२० मध्ये रस्त्यावरील शर्यतींसाठी तळाची जाडी ४० मिलिमीटर व पट्टी एकच अशी मर्यादा घातली. धावपट्टीवरील शर्यतींसाठी नोव्हेंबर २०२४ पासून ही मर्यादा २० मिलिमीटर आहे. मर्यादा जाडीवर आहे, किमतीवर नाही. शर्यतीच्या एका जोडास वीस हजारांच्या आसपास किंवा त्याहून अधिक रुपये पडू शकतात आणि त्याचा फेस सरावाच्या बुटाच्या मानाने लवकर थकतो. दुष्काळी तालुक्यातील नवोदित धावपटूसाठी खरा अडसर हाच आहे.

सातारा–सांगलीच्या रस्त्यांवर पहाटे धावणाऱ्यांत सैन्य व पोलीस भरतीची तयारी करणारे तरुण-तरुणी मोठ्या संख्येने दिसतात. सैन्य भरतीची धाव १.६ किलोमीटरची, तर महाराष्ट्र पोलीस भरतीत पुरुषांची १६०० व महिलांची ८०० मीटरची असते. एवढ्या अंतरासाठी मॅरेथॉनचा जाड तळ गरजेचा नाही. हलका, पायाला नीट बसणारा आणि सरावात घालून रुळलेला साधा बूट येथे पुरेसा ठरतो. चाचणीच्या दिवशी प्रथमच घातलेला महागडा जोड मात्र फोड आणू शकतो.