सदोष विद्युत वायर

सदोष विद्युत वायर म्हणजे विद्युत उपकरण व भिंतीवरील सॉकेट यांना जोडणारी, आवरण फाटलेली, आतील तारा तुटलेली किंवा सांधे सैल झालेली लवचिक वायर होय. अशा वायरीमुळे विजेचा धक्का बसणे आणि आग लागणे हे दोन वेगवेगळे धोके संभवतात. भारतात घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्ट दाबाचा असून तो या दोन्ही धोक्यांस पुरेसा ठरतो.

रचना

लवचिक वायरीत तांब्याच्या अनेक बारीक तारांचा पीळ असतो व त्यावर विद्युतरोधक आवरण असते. तीन तारांच्या वायरीत फेजसाठी तपकिरी, न्यूट्रलसाठी निळा आणि अर्थसाठी हिरवा-पिवळा रंग वापरतात. सर्वसाधारण पीव्हीसी आवरण ७० अंश सेल्सियस तापमानापर्यंत टिकते. इस्त्रीच्या तापलेल्या तळाचा स्पर्श झाल्यास ते वितळते. म्हणून इस्त्रीच्या वायरीला बहुधा सुती विणीचे आवरण असते.

खराबीची कारणे

प्लग काढताना वायर धरून ओढणे, दाराच्या फटीत किंवा फर्निचरखाली ती दबणे, उंदरांनी कुरतडणे, ऊन आणि वय यांमुळे आवरण कडक होऊन तडकणे ही प्रमुख कारणे आहेत. वायर प्लगजवळ व उपकरणात शिरते त्या ठिकाणी वारंवार वाकते. त्यामुळे तेथील तारा प्रथम तुटतात.

विजेचा धक्का

उघड्या फेज तारेला स्पर्श झाल्यास विद्युतप्रवाह शरीरातून जमिनीकडे वाहतो. शरीराचा रोध सुमारे १,००० ओहम धरल्यास हा प्रवाह २३० मिलिअँपिअर होतो. सुमारे १० मिलिअँपिअर प्रवाहाने स्नायू आखडून हातातील तार सोडता येत नाही, तर याच्या काही पट प्रवाहाने हृदयाचे स्पंदन अनियमित होऊन मृत्यू ओढवू शकतो. ओल्या त्वचेचा रोध कमी असल्याने न्हाणीघरात आणि पावसाळ्यात धोका वाढतो. कपडे वाळत घालण्याच्या धातूच्या तारेला सोललेली वायर टेकल्यास संपूर्ण तारेत वीज उतरते. अर्थची तार आतून तुटली तरी उपकरण पूर्ववत चालते. त्यामुळे हा दोष सहसा लक्षात येत नाही.

आग

ज्यूलच्या नियमानुसार निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या व रोधाच्या प्रमाणात असते. १,५०० वॅटचा हीटर सुमारे ६.५ अँपिअर प्रवाह घेतो. सैल सांध्यात एक ओहम रोध निर्माण झाला, तर त्या एका बिंदूवर सुमारे ४० वॅट उष्णता साचते. आवरण करपते, ठिणग्या उडतात आणि जवळचा पडदा, गादी किंवा कागद पेट घेतो. जळणाऱ्या पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू बाहेर पडतो. गुंडाळून ठेवलेल्या वायरीतून मोठा प्रवाह गेल्यास उष्णता बाहेर पडू न शकल्याने ती अधिक तापते.

संरक्षक साधनांच्या मर्यादा

फ्यूज किंवा एमसीबी अतिरिक्त प्रवाह खंडित करते. शरीरातून जाणारा ०.२३ अँपिअर प्रवाह ६ अँपिअरच्या एमसीबीला जाणवत नाही. आरसीसीबी हे साधन ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडते. परंतु फेज व न्यूट्रल या दोन्ही तारा एकाच वेळी धरल्यास ते उपयोगी पडत नाही. सैल सांध्यातील तापण्यात प्रवाह वाढत नाही आणि गळतीही होत नाही. म्हणून ही दोन्ही साधने तेथे निष्प्रभ ठरतात. या कारणास्तव वायर सुस्थितीत असणे हाच मुख्य बचाव होय.

प्रतिबंध

कोमट लागणारा प्लग, जळका वास, काळवंडलेले सॉकेट आणि वायर हलवल्यावर बंद-चालू होणारे उपकरण ही दोषाची लक्षणे होत. चिकटपट्टी गुंडाळल्याने तुटलेल्या तारा जुळत नाहीत. वायर पूर्ण बदलणे हाच योग्य उपाय आहे. बदलताना आयएसआय चिन्हाची, उपकरणाच्या क्षमतेला साजेशी जाडी असलेली वायर वापरतात. तीन पिनांच्या प्लगमधील अर्थची पिन तोडणे धोक्याचे असते.

अपघात घडल्यास

धक्का बसलेल्या व्यक्तीला हात न लावता प्रथम मुख्य स्विच बंद करतात. ते शक्य नसल्यास कोरड्या लाकडी काठीने वायर दूर सारतात. श्वास थांबला असल्यास हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवन करून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावतात. वीज चालू असताना आगीवर पाणी टाकत नाहीत. कोरड्या पावडरचे किंवा कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक वापरतात.